घरी वायफाय की प्रत्येकाचा वेगळा पॅक? नाशिककरांसाठी थोडा हिशेब

चौघांच्या घरात चार मोबाइल, चार रिचार्ज, आणि रात्री नऊच्या सुमाराला कुणाचा तरी डेटा संपलेला. मग ‘हॉटस्पॉट चालू कर ना’ सुरू होतं. अशा वेळी सोसायटीच्या गेटवर लटकलेली फायबरची, म्हणजे तारेने घरी येणाऱ्या इंटरनेटची, जाहिरात फार आकर्षक वाटते. ‘वायफाय घेतलं की पैसे वाचतात’ असं सांगणारे शेजारीही असतातच. त्यांचं म्हणणं जरा ताडून बघू.

उदाहरणापुरते जिओचे दर घेतो. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर रोज 2 जीबीचा, 28 दिवसांचा पॅक 349 रुपये झाला. महिना 28 दिवसांचा धरल्यामुळे वर्षात 12 नव्हे, 13 रिचार्ज लागतात. चौघांचे झाले 18,148 रुपये. आता फायबर घेऊ. 399 रुपयांचा 30 एमबीपीएस वेगाचा प्लॅन दिसतो स्वस्त, पण त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. मोबाइलच्या रिचार्जमध्ये तो धरलेलाच असतो. म्हणजे महिन्याला 471, वर्षाला साधारण 5,650. शिवाय रोज कामावर जाणाऱ्या एकाचा 349 चा पॅक तसाच ठेवला आणि बाकी तिघांना 28 दिवसांत एकूण 2 जीबी देणारा 189 चा पॅक दिला, तर सगळं मिळून जातं 17,558 वर. वर्षाची बचत सहाशे रुपयेसुद्धा नाही! आणि चौघांचे मोठे पॅक तसेच ठेवून वर वायफाय घेतलं (बहुतेक घरांत हेच होतं), तर साडेपाच हजारांचा खर्च चक्क वाढला. दर बदलत राहतात, तेव्हा आजचे आकडे टाकून हा हिशेब स्वतः मांडा.

मग वायफाय घ्यायचं कशासाठी? टीव्हीसाठी, हे माझं सरळ उत्तर. एचडी व्हिडिओ तासाला दीड ते तीन जीबी सहज खातो. रोजचे 2 जीबी एका सिनेमातही पुरत नाहीत आणि संपले की वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा रखडतो. फायबरला महिन्याची मर्यादा 3,300 जीबी असते, ती घरगुती वापरात गाठणं अवघडच. घरून काम करणारं कुणी असेल, मुक्त विद्यापीठाचे किंवा क्लासचे तास लॅपटॉपवर बघणारं कुणी असेल, तर फार विचार करू नका, फायबर घ्या.

टीव्ही डिशवरच चालतो आणि मोबाइलवर फक्त रील, बातम्या, फोन एवढंच असेल, तर मात्र थांबा. नोकियाच्या अहवालानुसार 2024 मध्ये भारतातला एक ग्राहक महिन्याला सरासरी 27.5 जीबी डेटा वापरत होता. म्हणजे दिवसाला एक जीबीहून कमीच. रोज 2 जीबीचा पॅक मारणाऱ्यांपैकी कित्येकांचा उरलेला डेटा रात्री बाराला वाया जातो. फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा वापर दिसतो, तो आधी बघा. 5जी फोन असेल तर 2 जीबीच्या पॅकवर अमर्याद 5जी मिळतो. सिग्नल घरात नीट येत असेल तर एकट्यादुकट्याला वायफायची गरजच नाही. भद्रकाली, सराफ बाजाराकडच्या जुन्या वाड्यांत हे जपून. 5जीच्या 3.3 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींपुढे दमतात. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या शिरतात, पण तो पट्टा 2022 च्या लिलावात फक्त जिओने घेतला.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्याने मोबाइलच्या पॅकला कात्री लावू नये. कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते ती जाऊ द्या, बाकीच्या वाटेवर डेटा लागतोच. घरी असणाऱ्या आईंसाठी कुणी फक्त कॉल-एसएमएसचा पॅक सुचवेल. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर तो आता मिळतो आणि स्वस्तही आहे. पण भाजी बाजारात क्यूआर स्कॅन करायला गेल्यावर फोन नुसता फिरत राहील. म्हणून वर मुद्दाम 189 चा धरला.

आता वायफायची दुखणी. वीज गेली की राउटर बंद, म्हणून छोटा यूपीएस घ्यावा लागतो. त्याहून मोठी कटकट म्हणजे खोदकाम. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते उखडलेत आणि जेसीबीला केबल दिसत नाही. इथे गल्लीतला केबलवाला मोठ्या कंपनीपेक्षा उजवा ठरू शकतो. तक्रार क्रमांकावर ताटकळण्यापेक्षा ओळखीचा माणूस शिडी घेऊन आलेला बरा.

मखमलाबाद, आडगावच्या पुढे, जिथे फायबरची तार पोचलेली नाही तिथे एअरफायबर हा पर्याय. गच्चीवर डबा बसतो, सिग्नल 5जी टॉवरवरून येतो. जिओचा 30 एमबीपीएसचा प्लॅन 599 अधिक जीएसटी, म्हणजे 707, आणि मर्यादा 1,000 जीबी. तार येत असेल तर हे घेऊ नका. भाड्याच्या खोलीत दोन-तीन जण राहत असाल आणि घर कधी सोडायचं ठरलेलं नसेल, तर तार नाही आणि डबाही नाही, मोबाइलवरच भागवा.

घ्यायचं ठरलंच, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी महिन्याचा प्लॅन घ्या, राउटरची अनामत परत मिळते का ते लिहून घ्या आणि त्याच जिन्यावरच्या कुणाला तरी विचारा की रात्री नऊ ते अकरा वेग किती मिळतो.