गोव्यासाठी कॅमेरा निवडताना: फोन, छोटा कॅमेरा, एक झूम की भरलेली बॅग?

प्रवासाहून परतल्यावर छायाचित्रांबाबत जी हळहळ वाटते, ती बहुतेक वेळा दोन तऱ्हांची असते. हवे ते साधन जवळ नव्हते, ही पहिली. आणि साधन आणले होते, पण ऐन वेळी ते हॉटेलच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा बॅगेच्या तळाशी पडून होते, ही दुसरी. दुकानदार आणि जाणकार मित्र पहिलीवर उपाय सांगतात, म्हणजे आणखी एक लेन्स घ्यायला लावतात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना गोवा हिंडवताना मला मात्र दुसरी हळहळच अधिक जणांच्या वाट्याला येताना दिसली आहे. त्यामुळे खालील तुलनेत सेन्सर किती मोठा यापेक्षा कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणत्या साधनाने कोणता फोटो हुकतो, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

तुलनेसाठी चार पर्याय धरले आहेत. पहिला, चांगला फोन. दुसरा, खिशात किंवा खांद्यावरच्या लहान पिशवीत मावणारा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा. यात २८ मिमीच्या तोडीची लेन्स असलेला सुमारे अडीचशे ग्रॅमचा रिको जीआर ३, ३५ मिमीच्या तोडीचा फुजीफिल्म एक्स १०० सिक्स आणि २४ ते २०० मिमी झूमचा सोनी आरएक्स १०० सेव्हन हे नमुने घेता येतील. मिमीचा आकडा जितका लहान तितके चौकटीत मावणारे दृश्य रुंद, जितका मोठा तितके लांबचे जवळ; ‘तोडीची’ म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या तेवढ्या मिमीच्या लेन्सइतकी. तिसरा, एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरचा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा आटोपशीर कॅमेरा, त्याला एक सर्वसमावेशक झूम आणि सोबत एक हलकी, मोठ्या अॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स. चौथा, फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, दोन-तीन लेन्स आणि ट्रायपॉड असा पूर्ण संच. पक्ष्यांसाठी म्हणून घेतले जाणारे, न बदलता येणाऱ्या लांब झूमचे ब्रिज कॅमेरे या चौघांत नीट बसत नाहीत. त्यांचा विचार पुढे चोडणच्या पक्षी अभयारण्याच्या निमित्ताने येईल.

दूधसागर आणि माटोळी: रुंद लेन्सची कामे

पावसाळ्यात दूधसागरचा धबधबा पूर्ण भरात असतो, पण कुळ्याहून जाणारी जीपसेवा त्या दिवसांत बंद असते आणि रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्यास मनाई आहे. अशा वेळी घाटातून जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यातून जे दिसेल ते टिपणे एवढेच हाती उरते. रेल्वेचा पूल धबधब्याच्या अगदी समोरून जातो, धबधब्याची उंची सुमारे ३१० मीटर आहे, आणि खिडकीला तुषारांचा सडा लागलेला असतो. येथे लांब पल्ल्याची लेन्स लावून बसलेल्या माणसाला फेसाळ पाण्याचा एक तुकडा मिळतो, तोवर शेजारच्या प्रवाशाने फोन उभा धरून पुलासह सगळे दृश्य घेतलेले असते. २४ मिमीच्या आसपासची रुंदी आणि दोन सेकंदांत हाताशी येण्याचा गुण या दोन्ही बाबतींत फोनला तोड नाही. तिसऱ्या पर्यायातील झूम सहसा १८ मिमीपासून सुरू होते, म्हणजे एपीएस-सीवर २७ ते २९ मिमीच्या तोडीची होते. तीही चालते, फक्त ती आधीपासून कॅमेऱ्याला लावलेली हवी.

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या एखाद्या घरी जाण्याचा योग आला, तर गणपतीच्या वर टांगलेली माटोळी पाहून हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. असोले नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळे आणि फुले यांनी लाकडी चौकट गच्च भरलेली असते, मूर्ती खाली चौरंगावर असते, आणि खोली मात्र लहान. भिंतीला पाठ टेकवून उभे राहिल्यावर मखरापर्यंतचे अंतर अडीच मीटर भरले तरी पुष्कळ. तेवढ्या अंतरावरून कॅमेरा उभा धरला असता ३५ मिमीच्या लेन्सच्या चौकटीत सुमारे २.६ मीटर उंची मावते, २८ मिमीत ३.२ मीटर आणि २४ मिमीत पावणेचार मीटर. एक्स १०० सिक्स हा देखणा आणि गुणी कॅमेरा असला तरी या खोलीत माटोळी आणि मूर्ती एकत्र घेताना तो कमी पडू शकतो, जीआर निभावतो. फोनची मुख्य लेन्स सहज निभावते. फोनमधली अतिरुंद लेन्स मात्र येथे टाळावी, कारण तिचा सेन्सर बहुधा लहान असतो आणि कडेचे नारळ ताणल्यासारखे लांबट दिसतात. यजमानांना विचारून फोटो काढावा आणि फ्लॅश मारू नये, हे गोव्यात कोणी मुद्दाम सांगत नाही, पण अपेक्षा तीच असते.

जुने गोवे आणि तांबडी सुर्ला यांबाबत थोडक्यात आटोपता येईल. १६०५ मध्ये पूर्ण होऊन अर्पण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकेचा आतला भाग काळोखा आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. त्यामुळे ज्या भरवशावर चौथा पर्याय घेतला जातो, तो ट्रायपॉड तेथे गाडीतच राहतो. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन मंदिर काळ्या बेसॉल्टचे, आणि भोवती जंगल. काळा दगड आणि पांढरे आकाश एकाच चौकटीत घेताना मोठ्या सेन्सरची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली, फाईल खरोखर कामाला येते. फोंडा महालातल्या बहुतेक देवळांत गाभाऱ्याचे फोटो काढू देत नाहीत, तेव्हा तेवढ्यासाठी लेन्स विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

रात्रीचे उत्सव

हुकलेल्या फोटोंची सर्वांत मोठी रास येथे साचते. शिगमोत्सवातील रोमटामेळ (ढोल-ताशांच्या तालावर नाचत जाणारी मिरवणूक) आणि चित्ररथ संध्याकाळी निघतात आणि रात्र पडली तरी चालू असतात. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या रात्रीच सोडल्या जातात. दोन्हीकडे उजेड कमी आणि हालचाल सतत. फोनचा नाइट मोड एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांवरच्या पणत्या सुरेख येतात, परंतु सरकणारी होडी आणि नाचणारी माणसे फरफटलेली येतात. सर्वसमावेशक झूमचीही फारशी वेगळी गत नाही. तिचे अॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/६.३ असते (एफचा आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) आणि एफ/१.८ च्या प्राइम लेन्सच्या तुलनेत ती सुमारे बारावा हिस्सा प्रकाश आत घेते. प्राइम लेन्सने आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० वर सेकंदाचा १/१२५ वा भाग इतका शटर वेग मिळत असेल, तर त्याच उजेडात त्याच आयएसओवर झूमला जेमतेम १/१० मिळतो. १/१० वर ढोल वाजवणाऱ्याचे हात म्हणजे नुसता धूर.

म्हणून तिसऱ्या पर्यायातली प्राइम लेन्स ऐच्छिक समजू नये. दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाची ही वस्तू अनेक जण ‘झूममध्ये सगळे आलेच’ म्हणून घरी ठेवतात आणि गोव्यातल्या पहिल्याच मिरवणुकीत तिची आठवण काढतात. फुल-फ्रेम कॅमेरा आणि एफ/१.८ प्राइम लेन्स याहून चांगले काम करील, यात शंका नाही. एपीएस-सीच्या तुलनेत साधारण एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका, फायदा मिळतो. परंतु चित्ररथांच्या गर्दीत दोन लेन्सची बॅग पुढे घेऊन, लेकराला कडेवर धरून, कोण किती वेळ उभे राहील याचा विचार ज्याचा त्याने करावा. एकट्याने, फोटोंसाठीच येणाऱ्याचे गणित वेगळे आहे.

चोडण: येथे लांब लेन्सला पर्याय नाही

रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे. खारफुटीतून होडीने फिरण्याची वेळ भरतीवर अवलंबून असते, आणि होडी हलत असल्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग शून्य. छोटा खंड्या सुमारे १६ सेंटिमीटरचा. तो २० मीटरवर फांदीवर बसला आहे असे धरले, तर फोनच्या पाचपट झूमने, म्हणजे सुमारे १२० मिमीच्या तोडीने, त्या अंतरावर सहा मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो आणि पक्षी त्याचा सदतिसावा-अडतिसावा हिस्सा व्यापतो. ६०० मिमीला पट्टा सव्वा मीटरच्या आत येतो आणि तोच पक्षी चौकटीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा होतो. पहिल्या फोटोत ‘तो निळा ठिपका बघा’ असे सांगावे लागते.

६०० मिमीपर्यंत पोहोचण्याचे मार्ग तीन. सोनी आरएक्स १० फोरसारखा ब्रिज कॅमेरा २४ ते ६०० मिमी एकाच अंगावर देतो, वजन सुमारे १.१ किलो, आणि धूळ-ओलाव्यापासून काही प्रमाणात संरक्षणही असते. निकॉन पी ९५० त्याहूनही लांब, २००० मिमीच्या तोडीपर्यंत जातो. मात्र त्याचा सेन्सर फोनच्या तोलाचा लहान आहे आणि ढगाळ सकाळी पिसांचा पोत निघून जातो. तिसरा मार्ग म्हणजे कॅननची आरएफ १००-४०० मिमी, ६३५ ग्रॅमची लेन्स कॅननच्याच एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावणे. ती ६४० मिमीच्या तोडीची होते. तिचे अॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/८ आहे, तेव्हा सूर्य वर येईपर्यंत आयएसओ चढता ठेवावा लागतो. माझी पसंती हिला, कारण पक्षी पाहून झाल्यावर ती काढून ठेवता येते आणि उरलेल्या सहलीसाठी हलका कॅमेरा हाती राहतो. ब्रिज कॅमेऱ्याचा किलो रात्रीच्या जेवणालाही सोबत येतो. पण ज्यांना लेन्स बदलणे जमत नाही किंवा आवडत नाही, त्यांनी आरएक्स १० च घ्यावा, आणि रात्रीच्या फोटोंची अपेक्षा कमी करावी. सहलीत पक्षी पाहण्याची सकाळ एकही नसेल, तर हा सारा परिच्छेद सोडून द्यावा.

पाणी, दमट हवा आणि चिखल

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेले खेळगडी चिखलात लोळत, एकमेकांना ओढत असतात, वरून पाऊस असतो, आणि चिखल प्रेक्षकांपर्यंत यायला वेळ लागत नाही. ‘वेदर सीलिंग’, म्हणजे पाणी-धूळ आत न शिरू देणारी बांधणी, असलेला कॅमेरा येथे उपयोगी, पण कॅमेऱ्याचे सीलिंग लेन्सलाही तसेच सीलिंग असेल तरच पुरे पडते, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त झूमला ते बहुधा नसते. एक्स १०० सिक्सला त्यासाठी वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो. जीआर ३ ला ती सोयच नाही. फोन आयपी ६८ या पाणीरोधक दर्जाचा असला तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते आणि पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, हे समुद्रात उतरण्यापूर्वी लक्षात असावे. म्हादईतले राफ्टिंग किंवा समुद्रातले स्नॉर्केलिंग ठरले असेल, तर गोप्रोसारखा दहा मीटरपर्यंत चालणारा अॅक्शन कॅमेरा किंवा पंधरा मीटरपर्यंत चालणारा ओएम सिस्टिमचा टीजी-७ हा जलरोधक कॅमेरा भाड्याने घेणे सोपे.

याहून जास्त फोटो बुडतात ते लेन्सच्या काचेवर धरणाऱ्या बाष्पामुळे. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखालच्या वस्तूवर हवेतले बाष्प साचते ते तापमान, २४ अंशांच्या आसपास असतो. एसी खोलीत रात्रभर २० अंशांवर थंड झालेली लेन्स सकाळी मंगेशीच्या तळ्याकाठी बाहेर काढली की पुढची काच क्षणात पांढरी होते. रुमालाने पुसली तरी काच गरम होईपर्यंत पुन्हा पुन्हा बाष्प धरते, आणि किलो-दीड किलोच्या लेन्सला तापायला जीआरपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. खिशातला फोन अंगाच्या उबेने मुळात थंड झालेलाच नसतो, त्यामुळे त्या पंधरा-वीस मिनिटांत फोनवाल्याचे दीपस्तंभाचे, तळ्याचे, सगळे फोटो काढून होतात. उपाय बिनखर्ची आहे: बॅग चेनबंद करून निघण्याआधी अर्धा तास बाल्कनीत ठेवावी आणि तेवढ्या वेळात ती उघडू नये. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. खारा वारा आणि बारीक रेती दोन्ही सेन्सरपर्यंत पोहोचतात.

मग घ्यावे काय?

कुटुंबासह तीन-चार दिवसांसाठी, प्रथमच येणाऱ्याने फोनवर भिस्त ठेवावी. पैसे खर्चायचेच असतील, तर जीआरसारखा लहान कॅमेरा जोडीला घ्यावा. छायाचित्रणाची आवड आहे आणि उत्सव पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय मला सर्वांत कमी हळहळ लावणारा वाटतो, अट एवढीच की प्राइम लेन्स घरी राहू नये. चौथा पर्याय चांगला, पण तो ज्याच्याकडे आधीच आहे आणि जो तो रोज खांद्यावर घेऊन फिरतो, त्याच्यासाठी. खास गोव्यासाठी तो नव्याने उभा करू नये. ड्रोनच्या फंदात पडण्याआधी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहावा, कारण दाबोळीचा विमानतळ नौदलाचा आहे आणि उत्तरेला मोपाचाही विमानतळ आता सुरू आहे. जास्तीच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

लांब लेन्स एका सकाळीपुरतीच लागणार असेल, तर ती भाड्याने घेणे शहाणपणाचे. नवी वस्तू मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेऊ नये; बटणे कुठे आहेत हे चित्ररथासमोर शोधत बसण्यात मिरवणूक निघून जाते. वापरलेली लेन्स घेत असाल आणि ती किनारपट्टीवरच्या घरात राहिलेली असेल, तर पैसे देण्याआधी अॅपर्चर पूर्ण उघडून, दोन्ही बाजूंनी टॉर्चचा उजेड टाकून काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे धागे दिसतात का, ते पाहावे. ती बुरशी असते. ती दिसली तर भाव कितीही उतरला तरी सौदा सोडून द्यावा, आणि तशी लेन्स आधीच घरात असेल तर इतर लेन्सपासून वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.