हे शौ वू: कच्ची मुळी की शिजवलेली?

केस काळे होतात म्हणून ऑनलाइन 'फो-ती' नावाने जी चायनीज मुळी विकतात ना, तीच ही हे शौ वू, आणि घ्यायच्या आधी कच्ची आहे की शिजवलेली ते बघाच, कारण चिनी वैद्य दोन्ही वेगळी औषधं धरतात.

कच्चीचा काप लालसर तपकिरी, आत ढगांसारखी नक्षी. तिच्यात सोनामुखीतल्यासारखी अँथ्राक्विनोन असतात त्यामुळे पोट साफ होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या बद्धकोष्ठाला आणि गळवांना देतात. केसांसाठी ही नव्हेच!

शिजवलेली म्हणजे काळ्या सोयाबीनच्या रसात आतून-बाहेरून तपकिरी होईस्तोवर वाफवलेली, यात जुलाबाचा गुण बराच उतरतो आणि मग ती रक्त वाढवायला, कंबर-गुडघ्याच्या अशक्तपणाला, पिकलेल्या केसांना देतात. चीनच्या फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत ग्रंथात) कच्चीचा डोस ३ ते ६ ग्रॅम तर हिचा ६ ते १२. पण केसांबद्दलचे प्रयोग बरेचसे उंदरांवरचे आणि पेशींवरचे आहेत, माणसांवरचा भक्कम पुरावा नाही, हे विकणारे सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

लिव्हरचं मात्र दोन्हीकडे सांभाळा. कच्चीचा धोका जास्त मानतात पण शिजवलेलीनेही कावीळ झालेल्या केसेस आहेत, ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्येच इशारा दिला होता, आणि एचएलए-बी*३५:०१ हा जीनचा प्रकार असलेल्यांना त्रास व्हायची शक्यता बरीच जास्त.

निवडायचीच तर शिजवलेली, तीही डॉक्टरांना विचारून, आणि लिव्हरचा आजार असेल तर दोन्ही नकोच. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की लगेच बंद करा आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून घ्या.