सिरीज की पॅरलल: रेझिस्टर कुठल्या टोकाला लावायचा?

बोर्डावरचा सिग्नल टोकाला आपटून परत येतो, ते थोपवायला रेझिस्टर लावतात: पाठवणाऱ्या टोकाला (सिरीज) किंवा घेणाऱ्या टोकाला (पॅरलल). ३.३ व्होल्टचा क्लॉक (ठोके देणारा सिग्नल), ५० ओहम इम्पिडन्सचा (लाटेला होणारा अडथळा) ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, ड्रायव्हर (सिग्नल पाठवणाऱ्या) पिनचा स्वतःचा रोध समजा १७ ओहम, पलीकडे सीमॉस चिपचा इनपुट, म्हणजे जवळजवळ उघडं टोक. काहीच लावलं नाही तर पिनवरून २.४६ व्होल्टची लाट निघते. उघड्या टोकाचा परावर्तन गुणांक (आलेल्या लाटेचा किती भाग परत जातो) +१, म्हणून तिथे दुप्पट होऊन ४.९ दिसतात. परतलेली लाट पिनवर आपटून उलट्या चिन्हाने येते, की टोकाला २.५, मग ३.७. हेच रिंगिंग.

४.९ बघून दचकू नका. पॅसिव्ह लोड आलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत पाठवू शकत नाही, त्यामुळे गुणांक १ च्या वर जात नाही. (लॉसी (वाटेत ऊर्जा गमावणाऱ्या) केबलचा इम्पिडन्स कॉम्प्लेक्स असेल तर व्होल्टेजचा गुणांक १ + √२, म्हणजे २.४१ पर्यंत चढू शकतो. ऊर्जा तेव्हाही फुकट मिळत नाही. छोट्या बोर्डावर ही भानगड विसरा.)

सिरीजमध्ये ड्रायव्हरच्या पिनला अगदी खेटून ३३ ओहम लावायचा. १७ + ३३ = ५०. १.६५ व्होल्टची लाट जाते, टोकाला ३.३ होते, परतताना ड्रायव्हरकडे जिरते. डीसी करंट जवळपास शून्य. गोची एकच: ट्रेसच्या मध्ये दुसरी चिप असेल तर तिला काही काळ १.६५ दिसतात, नेमके थ्रेशोल्डपाशी (० की १ ठरवणाऱ्या सीमेपाशी). क्लॉकला हे चालत नाही, एका कडेच्या (पातळी बदलण्याच्या क्षणाच्या) दोन कडा मोजल्या जाऊ शकतात.

पॅरललमध्ये टोकाला ५० ओहम ग्राउंडला. वाटेतल्या सगळ्यांना स्वच्छ कड मिळते, पण हाय असताना ४९ मिलिअँपिअर सतत वाहतात आणि पातळी २.४६ वरच अडकते. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या पिनला हे झेपत नाही. १००-१०० ची जोडी (एक ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला) लावली तर ओझं निम्मं होतं, पण ड्रायव्हर बंद असतानाही १६.५ मिलिअँपिअर जळतात.

एक ड्रायव्हर, एक रिसीव्हर? डोळे झाकून सिरीज. ३३ की २७ यावर डोकं शिणवू नका. बोर्डाचा इम्पिडन्सच बहुधा ±१०% असतो, आणि ५० ऐवजी ५५ भेटले तरी परावर्तन जेमतेम ५%. एफआर-४ वर (नेहमीच्या बोर्डाच्या मटेरिअलवर) सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. कड १ नॅनोसेकंदाची आणि ट्रेस २ सेंटिमीटरचा असेल तर कडेच्या मानाने तो फारच आखूड, काहीच लावू नका.

आरएस-४८५ किंवा कॅनसारख्या बसला (अनेक मॉड्यूल जोडलेल्या सामाईक लाइनला) मात्र पॅरललच, १२० ओहम, दोन्ही टोकांना. मधल्या मॉड्यूलवर आधीच बसवलेला तिसरा १२० असेल तर तो काढा. तो राहिला तर ड्रायव्हरला ६० ऐवजी ४० ओहम ओढावे लागतात.