इंटेल प्रो/१००० जीटी लॅन कार्ड आणि २००३ चा म्हातारा सर्व्हर : नऊ महिने वापरल्यानंतर

कार्ड जुनं आहे, वापरलेलं आहे आणि इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून साडेसातशे रुपयांना घेतलंय. साधं ३२ बिट पीसीआय (जुन्या पद्धतीचा कार्डाचा स्लॉट), गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट). बसवलं काकांच्या प्रेसमधल्या टॉवर सर्व्हरमध्ये, ज्यावर विंडोज सर्व्हर २००३ आर२ आहे, ३२ बिट, सर्व्हिस पॅक २. गेल्या ऑक्टोबरात लावलं, आज नऊ महिने झाले.

'२००३ अजून वापरता?' असं विचारणाऱ्यांसाठी एकदाच लिहितो. काकांची ऑफसेट प्रेस रामबागेत. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या आधी कॅलेंडरं. पत्रिकांचं मराठी-हिंदी कंपोझिंग अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटांत चालतं, आणि त्या फाँटांचं लायसन्स सर्व्हरच्या पाठीला पॅरलल पोर्टात खोचलेल्या डोंगलमध्ये आहे. शिवाय जॉबचा हिशेब लावणारं एक सॉफ्टवेअर, ज्याच्या बनवणाऱ्याने दुकान कधीच गुंडाळलं. २००३ चा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपला हे मी काकांना दरवर्षी सांगतो. ते दरवर्षी "हं" म्हणतात.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बाइंडिंगच्या शेडकडे उघड्यावरून गेलेल्या केबलमधून आकाशातली वीज आत आली. स्विच गेला, आणि सर्व्हरच्या बोर्डावरचे दोन्ही लॅन पोर्ट गेले. बाकी सर्व्हर ठणठणीत. कॅलेंडरांचा हंगाम तोंडावर.

पहिली चूक माझीच. जवळच्या दुकानातून एक स्वस्त, नवंकोरं पीसीआय एक्स्प्रेसचं (पीसीआयनंतर आलेला वेगवान स्लॉट) कार्ड आणलं. खोक्यावर विंडोजची यादी होती, ती नीट वाचली नाही. ड्रायव्हर (कार्ड विंडोजला ओळखून देणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घेतला, तर सर्व्हरला पेनड्राइव्हच दिसेना. म्हणे फॉरमॅट करा. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (फाईली मांडायच्या नव्या पद्धतीत) होता आणि २००३ ला एक्सफॅट वेगळं अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही. जुना ४ जीबीचा शोधला, फॅट३२ केला, फाईली नेल्या. विझार्डला फोल्डर बोटाने दाखवलं तरी त्याचं एकच पालुपद, या हार्डवेअरसाठी सॉफ्टवेअर सापडलं नाही.

कारण साधं आहे, पण मला तासाभराने सुचलं. एक्सपी आणि २००३ चं नेटवर्क एनडीआयएस ५ च्या पिढीवर चालतं (एनडीआयएस म्हणजे विंडोज आणि नेटवर्क ड्रायव्हर यांच्यातला सांधा). व्हिस्टापासून एनडीआयएस ६ आलं. त्या कार्डाचे ड्रायव्हर विंडोज ७ पासून पुढचेच होते. ते २००३ वर डोकं आपटलं तरी चढणार नाहीत. उलट, एक्सपीचा ३२ बिट ड्रायव्हर २००३ वर बरेचदा चालून जातो, कारण पाया एकच. तेव्हा जुन्या सर्व्हरसाठी कार्ड घेताना आधी ड्रायव्हर हातात घ्या आणि मग त्याला शोभेल असं कार्ड शोधा. मी उलटं केलं आणि पाचशे रुपये घालवले.

मग सिल्व्हर मॉल. तीन दुकानं फिरल्यावर एकाने ड्रॉवरमधून हे काढलं. "भिया, पुराना माल है, पर चलेगा बरसों." सोबत त्याच काळातली ड्रायव्हरची सीडीही दिली, आणि खरी किंमत तिचीच म्हणायला हवी. ड्रायव्हर फुकट वाटणाऱ्या अनोळखी साइटींवरून या असल्या मशीनसाठी काही उतरवू नका; त्या एका एक्झीत काय काय असतं ते तपासायला या सर्व्हरवर धड अँटिव्हायरससुद्धा चालत नाही. कार्ड खरंच इंटेलचं आहे ना ते दुकानातच त्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये लावून पाहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या टॅबवर व्हेंडर ८०८६, डिव्हाइस १०७सी. ८०८६ हा इंटेलचा व्हेंडर आकडा, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचं नाव. १०७सी म्हणजे ८२५४१पीआय चिप. स्टिकरवर काहीही छापता येतं, हा आकडा सहसा खोटं बोलत नाही.

प्रत्यक्ष ड्रायव्हर बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सर्व्हरचा सीडी ड्राइव्ह मेलेला, म्हणून सीडी घरी उघडून पूर्ण पेनड्राइव्हवर उतरवली. सेटअप न चालवता डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने विन३२ च्या फोल्डरातली आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेली) फाईल दाखवली. पिवळं प्रश्नचिन्ह गेलं, मागचा दिवा लागला. काका मागे चहाचा कप घेऊन उभे. "झालं का रे?" मी म्हटलं, "झालं काका." इथे माझं तोंड जरा लवकरच उघडलं.

पहिलं विघ्न आयपीचं, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याचं. सगळ्या मशीनांवर ड्राइव्ह १९२.१६८.१.१० ला जोडलेले, म्हणून तोच आकडा नव्या कार्डाला द्यायचा. विंडोज म्हणे हा पत्ता दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला दिलेला आहे. कुठला दुसरा? बोर्डावरचे पोर्ट मी बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद केले होते. पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) त्यांची भुतं राहतात. कमांड प्रॉम्प्टवर 'सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हाइसेस=१' आणि त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडायचा (स्टार्ट मेनूतून नाही, त्याच खिडकीतून), मग व्ह्यूमध्ये शो हिडन डिव्हाइसेस. फिकट रंगात दोन जुनी कार्डं दिसली. दोन्ही अनइन्स्टॉल केली आणि पत्ता निमूटपणे बसला. गेटवे आणि डीएनएस (इंटरनेटकडे नेणारे पत्ते) मी मुद्दाम रिकामे ठेवले. २००३ ला फाईल शेअरिंगची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत येते, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. या सर्व्हरला इंटरनेटचं तोंड दाखवायचं नाही, एवढी एक गोष्ट काकांनीही मान्य केली. तुमच्याकडे विंडोज १० ची मशीनं असतील तर २०१७ च्या शेवटापासूनच्या आवृत्त्यांत एसएमबी १ बंद येतं, तेव्हा 'सर्व्हर दिसत नाही' म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी तिथे बघा.

दुसरं विघ्न हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. ते मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकावर, लॉक होतं. कार्ड बदललं म्हणजे त्याच्या लेखी मशीनच बदललं. बनवणाऱ्याचा फोन लागत नाही. सुदैवाने पूर्वीच्या इंजिनिअरने आयपीकॉन्फिगचा (नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या कमांडचा) प्रिंट कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता, पिवळा पडलेला, पण आकडे शाबूत. इंटेलच्या ड्रायव्हरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये लोकली अ‍ॅडमिनिस्टर्ड अ‍ॅड्रेस नावाची ओळ असते. तिथे जुना मॅक भरला, रिस्टार्ट केलं, सॉफ्टवेअर उघडलं. जुना पोर्ट बायोसमध्ये कायमचा बंद ठेवा, नाहीतर एकाच मॅकचे दोन मालक होतील.

तिसरी चूक स्लॉटची. ही मला आठवडाभर कळलीच नाही. कार्ड घाईत मी पीसीआय-एक्सच्या (पीसीआयच्या लांब, वेगवान भावाच्या) रिकाम्या स्लॉटात लावलं होतं, रेड कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) शेजारी. बसतं ते, चालतंही. पण पीसीआय-एक्समध्ये एका बसवरची (एकाच वाटेवरची) सगळी कार्डं सर्वांत हळू कार्डाच्या वेगाने चालतात. म्हणजे माझ्या साडेसातशेच्या कार्डाने डिस्कच्या कंट्रोलरलाही आपल्या चालीवर आणलं. रात्रीचा बॅकअप सकाळी मशीन सुरू व्हायच्या वेळेपर्यंत चालायला लागला तेव्हा शंका आली. कार्ड शेवटच्या साध्या पीसीआय स्लॉटात हलवलं आणि बॅकअप जागेवर आला. (स्लॉट बदलला की विंडोज ते नवीन कार्ड समजतं. भुताचा आणि मॅकचा कार्यक्रम पुन्हा. दुसऱ्यांदा पाच मिनिटांत झाला.)

चौथं दुखणं सगळ्यात जास्त डोकं खाणारं होतं. वीज पडल्यावर जुना मॅनेज्ड स्विच सेकंडहँड आणला होता. पिंग व्यवस्थित, छोट्या फाईली व्यवस्थित, पण कॅलेंडरच्या पानाची मोठी टिफ (चित्राची फाईल) कॉपी करायला घेतली की वेग सेकंदाला तीनचारशे केबी. ऑपरेटर दादा म्हणाले, "पेनड्राइव्हने नेऊ का?" मला लाज वाटली. ड्रायव्हर दोनदा काढून घातला. कोणी म्हणालं टीसीपी चिमनी (नेटवर्कचं ओझं कार्डावर टाकणारी सोय) बंद करा; ती करूनही काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता, कारण ते ओझं उचलण्याची सोय या चिपमध्येच नाही. शेवटी कार्डाची लिंक पाहिली : १०० एमबीपीएस, हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं; फुलमध्ये दोघं एकदम बोलू शकतात).

स्विचच्या आधीच्या मालकाने तो पोर्ट १०० फुलवर ठोकून ठेवला होता. एका बाजूने ठोकलेलं आणि दुसऱ्या बाजूला ऑटो (आपोआप ठरवणारं) असं असलं की ऑटोवाल्याला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, तो हाफ धरून बसतो. मग एक बोलत असताना दुसराही बोलतो आणि पॅकेट आपटत राहतात. थोडी वर्दळ असेल तर जाणवत नाही, म्हणूनच पिंग हसत राहतो. गिगाबिटला तर दोन्हीकडे ऑटो हवंच. स्विचचा पोर्ट ऑटोवर आणला आणि तीच टिफ सेकंदाला चाळीस एमबीच्या आसपास गेली. साध्या पीसीआयची कागदोपत्री मर्यादा १३३ एमबी, तीही सगळ्यांत वाटून, आणि खाली वीस वर्षांच्या स्कझी डिस्क. यापुढची अपेक्षा करू नये. १०० च्या लाइनवर अकरा-बारा मिळायचे, त्या मानाने ऑपरेटर दादा खूश आहेत.

त्यानंतर दिवाळी, मग लग्नसराई, सगळं सुरळीत. मध्ये एकदाच, एप्रिलमध्ये, वेग परत अकरावर आला. या वेळी फुल डुप्लेक्स, पण १००. आता मात्र ड्रायव्हरला हात लावला नाही. केबल टेस्टर लावला तर सात आणि आठचे दिवे लागेनात. १०० ला १, २, ३, ६ एवढ्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात; म्हणून लाइन तुटली नाही, नुसती लंगडली. बाइंडिंगच्या खळीवर पोसलेले उंदीर टेबलामागची केबल कुरतडून गेले होते. नवी केबल टाकली, आणि शेडकडची ती उघडी केबलही एकदाची पाइपात घातली.

कार्डाबद्दल तक्रार म्हणावी तर दोनच. एक, प्रोसेट (इंटेलचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) टाकलं तर प्रॉपर्टीजची खिडकी टॅबांनी भरून जाते आणि या मशीनवर उघडायला वेळ घेते. मी ते काढून नुसता ड्रायव्हर ठेवलाय. दोन, पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या' ही खूण आधीपासून असते, ती काढावी लागली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लिंक तुटल्याची नोंद नऊ महिन्यांत फक्त लाइट जाऊन स्विच बंद पडला तेव्हाची आणि उंदरांची.

तुमच्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट रिकामा असेल आणि इंटेलचं गिगाबिट सीटी हे कार्ड २००३ च्या ड्रायव्हरसकट मिळत असेल तर तेच घ्या, पीसीआयची अडचण राहणार नाही. मला त्या दिवशी मिळालं नाही. २००८ आर२ वर असाल तर यातली निम्मी कटकट तुम्हाला होणारच नाही, त्याचाही सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलेला असला तरी.

गेल्या महिन्यात त्याच दुकानातून आणखी एक जीटी कार्ड घेतलं, आता भाव नऊशे झालाय. ते, फॅट३२ केलेला ४ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मॅकचा तो पिवळा कागद, तिन्ही लग्नपत्रिकांच्या एका रिकाम्या खोक्यात घालून सर्व्हरवर ठेवलंय. खोक्यावर काकांनी स्केचपेनने लिहिलंय : हात लावू नये.