मान्सून्ड मलबार एए: घेताना काय बघायचं, फिल्टरला कशी लावायची

दूध घालून फिल्टर कॉफी पिणाऱ्या घरासाठी मान्सून्ड मलबार अरेबिका (अरेबिका ही कॉफीची एक जात, दुसरी रोबस्टा) हिच्याइतका सोयीचा दाणा दुसरा नाही. आंबटपणा जवळजवळ नाहीच, अंगाने जाड, दुधात बुडून न जाणारी चव. काळी कॉफी पिणाऱ्यांना मात्र ती सपाट वाटेल. त्यांनी बाबाबुडनगिरी किंवा चिकमगळूर अरेबिका घ्यावी.

ही चव झाडावर तयार होत नाही, गोदामात होते. फळासकट वाळवलेली कॉफी सोलून जून ते सप्टेंबर मंगळूरच्या बाजूच्या किनाऱ्यावर, हवा खेळत्या गोदामांत पसरतात. ती वरचेवर फावड्याने हलवतात, मग सैल गोणींत भरून वाऱ्याला वाट राहील अशा रांगांत रचतात. दमट वारा पिऊन दाणा फुगतो, हिरवटपणा जाऊन गव्हाळ होतो. शेवटी न फुगलेले दाणे हाताने निवडून काढतात. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत हाच बदल प्रवासात आपोआप व्हायचा. पुढे प्रवास आखूड झाला, दाणा हिरवाच पोचू लागला आणि गिऱ्हाइकाला जुनीच चव हवी होती, म्हणून हे काम किनाऱ्यावर सुरू झालं. या नावाला 2008 पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव कायद्याने लावता येतं. 2019 मध्ये आणखी पाच नावं आली: कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू व्हॅली इथली अरेबिका, आणि वायनाडची रोबस्टा.

आता खरेदी. देवगड हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला की मुंबईकर चिडतो, आणि ते बरोबरच आहे. कॉफीच्या बाबतीत मात्र आपण पाकिटावरचं नाव वाचून गप्प बसतो. पाकिटावर पूर्ण नाव हवं: मान्सून्ड मलबार, अरेबिका की रोबस्टा (मानांकन दोन्हींना वेगवेगळं आहे), आणि प्रत. एए म्हणजे सर्वांत मोठा दाणा. ‘मलबार ब्लेंड’, ‘मान्सून स्टाइल’ असलं काही छापलं असेल तर पाकीट परत ठेवा. चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली असेल तर ती किती टक्के हे छापणं बंधनकारक आहे आणि कॉफी किमान 51 टक्के असावी लागते. पण ब्लेंडमध्ये मलबार किती, हे क्वचितच छापलेलं असतं. हवाई बेटांवरच्या ‘कोना’ या नावाजलेल्या कॉफीचं असंच झालं. ब्लेंडमध्ये 10 टक्के कोना असली तरी नाव लावता यायचं. तिथल्या 2024 च्या कायद्याने 2027 पासून ही मर्यादा 51 टक्के होईल. आपल्याकडे मानांकनाचं नाव खोटं लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान 50,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. पण गिऱ्हाइकानेच विचारलं नाही तर कायदा काय करणार?

माटुंग्यात सुटी कॉफी घेत असाल तर दळण्याआधी चार दाणे तळहातावर मागा. भाजलेला मलबार दाणा ठळक, फुगीर आणि वजनाला हलका असतो, दाताखाली चटकन फुटतो. वास भाजलेल्या धान्याचा, थोडा मसाल्याचा, ओल्या मातीचा यायला हवा. ओल्या गोणपाटाचा, कुबट वास आला तर गोदामात बुरशी धरलेली आहे. कितीही गडद भाजली तरी तो जात नाही. भाजणी मध्यमच घ्या. दाणा सच्छिद्र असल्याने बाहेरून लवकर करपतो, आणि काळ्या तेलकट दाण्यात मलबार काय न् दुसरं काय, सगळं सारखंच लागतं.

फिल्टरसाठी 25 ग्रॅम पूड, 150 मिली पाणी. वजन करूनच घ्या: दाणा हलका असल्यामुळे नेहमीच्या चमच्यांनी मोजलं तर पूड कमी पडते आणि ‘ही कॉफी पातळच होते’ अशी तक्रार येते. दळण बारीक रव्यासारखं. पूड फिल्टरमधल्या भोकांच्या चकतीने हलकी बसवा, दाबू नका. उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने आधी 30 मिली पाणी गोल फिरवत ओता, 30 सेकंद थांबा, मग उरलेलं ओता आणि झाकण लावा. डिकॉक्शन, म्हणजे खाली गळणारा दाट अर्क, 15 ते 20 मिनिटांत उतरायला हवं. पाच मिनिटांत उतरलं तर दळण जाड आहे. तासभर अडलं तर मैद्यासारखं बारीक आहे किंवा चकती जास्त दाबली गेली, आणि मग कडवटपणा येणारच. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर चव मातकट लागते.

चिकोरी यात घालूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चिकोरी जाडपणासाठी घालतात, आणि तो या दाण्यात मुळातच आहे.

मुंबईच्या जुलैत पूड उघड्या डब्यात आठवडाभरात गुठळ्या धरते. एका वेळी 100 ग्रॅमच दळून घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या चमच्याने वापरा. फ्रिजमध्ये ठेवू नका. डबा बाहेर काढला की आत दव धरतं आणि त्यातच लसणीचा वास बसतो.