आय थ्री १२१००एफ प्रोसेसर + आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड: सहा महिने वापरून झाल्यावर

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात कोटेशन काढायला गेलो तर दुकानदार पहिल्यांदा हेच म्हणला, "गेमिंग आणि आय थ्री? पैसे पाण्यात घालताय." माझं बजेट पन्नास हजारांच्या आत, मॉनिटर जुनाच, १०८०पी ७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रं दाखवणारा. त्याच्या कागदावर आय फाईव्ह, महागडा बोर्ड, वर लाईटवाला कूलर, आणि कार्डाच्या रकान्यात उरलेल्या पैशात बसतंय म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबीचं कार्ड, तेपण चारच लेनचं, म्हणजे बोर्डाशी डेटाची ये-जा करायला चारच रस्ते. म्हटलं राहू दे, मी आय थ्रीच घेणार, आणि वाचलेले पैसे ८ जीबीच्या ६६०० ला घातले.

पहिली गंमत अशी की कार्ड कुरियरनं तीन दिवस उशिरा आलं. एफवाल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळं बोर्डाला एचडीएमआय असून स्क्रीन काळीच. पप्पा रोज विचारायचे, नवीन मशीन जळलं का रे? सांगून दमलो.

आता मुद्द्याचं. सायबरपंक गेमला हाय सेटिंगवर साठच्या आसपास एफपीएस (सेकंदाला तयार होणारी चित्रं) मिळतात, जीटीए ५ तर ७५ ला लॉक करून निवांत चालतं, कार्डाचा पंखा पण फारसा ऐकू येत नाही. सायबरपंकमध्ये बहुतेक ठिकाणी कार्ड ९५-९८ टक्के वापरलं जातं, म्हणजे प्रोसेसर कमी पडत नाही, ६६०० ला पुरून उरतोय.

पण सायबरपंकमध्येच गर्दीच्या बाजारात शिरलं की उलटं होतं, प्रोसेसर शंभरला टेकतो आणि कार्ड साठ टक्क्यावर बसून राहतं. या आय थ्रीला कोर, म्हणजे काम करणारे हात, चारच. आपल्या हळदीच्या मार्केटात कसं, हमाल चारच असले तर ट्रक कितीबी मोठा आणा, ट्रक मोकळा उभा आणि हमाल घामाघूम. इथं लोक चुकतात, एफपीएस पडले की ग्राफिक्स लो करतात, अरे पण कार्ड आधीच रिकामं आहे, त्याचं काम अजून कमी करून काय मिळणार. गर्दीचं सेटिंग खाली घ्या, एफपीएस ७५ ला बांधा, मागचं क्रोम बंद करा. माझे गेम अडकायचे झटके त्यानंच गेले.

सगळे गेले असं नाही पण. सीएस २ (काउंटर-स्ट्राईक २) मध्ये ते चालूच होते, दोन महिने मी प्रोसेसरला शिव्या घालत बसलो आणि शेवटी झाकण उघडून बघतोय तर दुकानदारानं १६ जीबीची एकच रॅम लावलेली! सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला एकच रस्ता चालू. ती देऊन ८-८ च्या दोन घेतल्या आणि लय फरक पडला. घेताना दोन स्टिक मागून घ्या आणि स्वतः बघून घ्या.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) अजिबात नको. ६६०० स्वतः १३२ वॅटचंच कार्ड आहे, ते बनवणारी एएमडी ४५० वॅटचा सप्लाय सांगते, तेवढा नावाजलेल्या कंपनीचा घ्या, आपल्याकडं लाईट कशी येते-जाते ते माहिताय सगळ्यांना. बॉक्समधला कूलर मात्र पुरतो, मे महिन्यात पण पुरला.

एएमडीचा रायझन ५ ५५०० प्रोसेसर का नाही, असं दोघांनी विचारलं. सहा कोर आहेत, चांगलाय, स्ट्रीमिंग करणार असाल तर तोच बघा. फक्त तो पीसीआयई ३ वर, म्हणजे कार्ड जोडायच्या स्लॉटच्या जुन्या, हळू पिढीवर अडकलाय आणि ६६०० ला आठच लेन. ६६०० ला त्यानं थोडाच फरक पडतो, ६५०० एक्सटीला मात्र चांगलाच पडतो, ती जोडी टाळा. मला पुढं त्याच बोर्डात सेकंडहँड, सहा कोरचा १२४००एफ टाकता येईल म्हणून मी इंटेलकडं गेलो.

मिरजेचा मामेभाऊ माझं बघून हेच घ्यायला निघालेला. त्याचा मॉनिटर १६५ हर्ट्झ, दिवसभर सीएस २ आणि वर डिस्कॉर्डवर स्क्रीन शेअर. त्याला म्हटलं तुझं यात भागणार नाही गड्या, तू सहा कोरचाच घे, कार्ड हेच ठेव.