हॅलोविनसाठी गॉथिक कादंबरी: ड्रॅक्युला घ्यावी की कार्मिला?

गॉथिक म्हणजे जुने किल्ले, गूढ आणि भीतीच्या गोष्टी. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (1897) 27 प्रकरणांची आहे. 5 ऑक्टोबरला सुरू करून रोज एक प्रकरण वाचलं, तर 31 तारखेला, म्हणजे हॅलोविनलाच, बरोबर संपते. पहिली चार प्रकरणं, म्हणजे किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्करची डायरी, निव्वळ अप्रतिम. दाढीच्या आरशात मागे उभा असलेला काउंट ड्रॅक्युला, म्हणजे किल्ल्याचा रक्तपिपासू मालक, दिसतच नाही. पुढे तोच पालीसारखा, डोकं खाली करून भिंतीवरून उतरतो. सातव्या प्रकरणातली, त्याला इंग्लंडला नेणाऱ्या डेमेटर जहाजाची नोंदवही तर रात्रीच वाचावी.

मधला भाग मात्र रेंगाळतो. ड्रॅक्युलाची शिकार झालेल्या लूसीला पुन्हा पुन्हा रक्त देणं, तिच्यावर उपचार करणाऱ्या डच डॉक्टर व्हॅन हेल्सिंगची मोडक्या इंग्रजीतली लांबलचक भाषणं... इथेच बरेचजण पुस्तक मिटतात. डायऱ्या आणि पत्रांच्या वरच्या तारखा ओलांडून वाचू नका, नाहीतर कोण कुठे आहे याचा पत्ताच लागत नाही. विकत घेताना अनुक्रमणिका बघा. 27 पेक्षा कमी प्रकरणं असली तर आवृत्ती बहुधा संक्षिप्त. जुनं पुस्तक असल्याने मूळ इंग्रजी ई-बुक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं.

वेळ दोनच संध्याकाळींचा असेल तर ले फॅनूची 'कार्मिला' (1872) घ्या. प्रकरणं 16, तीही छोटी. रक्तपिपासू पाहुणी घरातच राहायला येते, त्यामुळे भीती जास्त जवळची वाटते.

'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (1764) गॉथिकची आद्य कादंबरी खरी, पण आकाशातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली नवरदेव चिरडतो तिथे आज हसूच येतं.